मालमोटारीचा इंधनव्यय

मालमोटारीचा इंधनव्यय : मालाची ने-आण करणारी मोटार (ट्रक) ठराविक अंतर तोडताना जे इंधन खर्ची घालते, त्याच्या परिमाणास तिचा इंधनव्यय म्हणतात. यूरोपीय देशांत तो दर १०० किमी.स लागणाऱ्या लिटरांत मांडतात. भारतात याच्या उलट, एका लिटरमध्ये किती किमी. अंतर तोडले या रूपात तो सांगण्याची प्रथा असून चालक, मालक व कारागीर यांच्या बोलण्यात त्यास ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द रूढ आहे. दोन आसांचा, सहा चाकांचा, माल भरलेला ट्रक साधारण रस्त्यावर लिटरला ४ ते ५·५ किमी. जातो. मालवाहतुकीच्या चालू खर्चापैकी निम्म्याच्या आसपास भाग डीझेलवर होत असल्यामुळे या आकड्यात अर्ध्या किमी.ची घट झाली, तरी लहान मालकाचा नफा नाहीसा होऊ शकतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीझेलची किंमत शासकीय नियंत्रणातून मुक्त झाल्यापासून या घटीची झळ अधिक तीव्र झाली आहे.

या विषयाला आर्थिक बाजूइतकीच मानवी बाजूही आहे. अ‍ॅव्हरेज घसरले की पहिला संशय चालकावर येतो. ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त लागलेले डीझेल त्याच्या पगारातून वळते करून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. डीझेलची चोरी होत नाही असे नव्हे, परंतु इंधनव्यय वाढण्याची जी कारणे पुढे दिली आहेत त्यांतील बहुतेक चालकाच्या हातातील नाहीत व काही तर केवळ मोजणीतील चुका आहेत. प्रस्तुत नोंदीत शक्य तेथे मराठवाड्यातील नांदेड व लातूर या दोन शहरांमधील वाहतुकीची उदाहरणे घेतली आहेत. लातूर ही तूर, सोयाबीन व डाळी यांची मोठी बाजारपेठ आहे, तर नांदेड परिसरातून कापूस, हळद व अर्धापूरची केळी बाहेर जातात. दोन्ही शहरांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर ट्रकवर अवलंबून आहे.

ऊर्जेचा हिशेब : एक लि. डीझेल जळाले असता सु. ३·६ कोटी जूल ऊष्मा मिळते. डीझेल एंजिन हे अंतर्ज्वलन-एंजिनांत सर्वांत काटकसरी असले, तरी त्यातील बरीचशी ऊष्मा धुराड्यावाटे व शीतक पाण्यावाटे निघून जाते. घर्षणाचा व दंतचक्रांतील व्यय वजा जाता सु. एक-तृतीयांश, म्हणजे १·२ कोटी जूल इतकीच ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते [⟶ डीझेल एंजिन]. ही ऊर्जा मुख्यतः चार कामी लागते : टायर दबत-फुगत फिरताना होणाऱ्या लोटण रोधावर मात करणे, हवेचा रोध छेदणे, चढ चढणे आणि थांबलेले वाहन पुन्हा गतिमान करणे. अ‍ॅव्हरेज घसरण्याचे कोणतेही कारण घेतले, तरी त्यामुळे एक तर इंधनातून चाकांपर्यंत येणारी ऊर्जा घटलेली असते किंवा या चार कामांपैकी एखादे वाढलेले असते. चाकाला हात लावण्यापूर्वी किंवा पंप खोलण्यापूर्वी या दोहोंपैकी काय घडले आहे हे ठरविले, तर पुष्कळ व्यर्थ खर्च टळतो.

एकूण वजन १६·२ टन, समोरील क्षेत्रफळ सु. ७ चौ. मी. असलेला ट्रक ताशी ६० किमी. वेगाने सपाट डांबरी रस्त्यावर जात आहे असे मानू. त्याच्या टायरांचा लोटण रोध सु. १,२७० न्यूटन व हवेचा रोध सु. ९०० न्यूटन असतो. वेग ताशी ८० किमी. केला, तर लोटण रोध फारसा बदलत नाही, मात्र हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून सु. १,६०० न्यूटन होतो. एकूण रोध जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणजे ज्या ट्रकला ६० च्या वेगाने लिटरला साडेपाच किमी. मिळत होते, त्यास ८० च्या वेगाने चारच्या थोडेसेच वर मिळतात. ट्रकमध्ये कोणताही बिघाड न होता एवढी घट होऊ शकते.

मार्ग व ऋतू : तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाऊन पुढे यवतमाळ व वर्ध्यावरून नागपूरकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ म्हणून ओळखला जातो. त्यावरील नांदेड–लातूर हे अंतर सु. १४० किमी. आहे. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सु. ३६० मी. उंचीवर आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर सु. ६३० मी. उंचीवर आहे. नांदेडहून लातूरला जाणारा ट्रक मध्यंतरी कितीही चढ-उतार असले, तरी अखेरीस सु. २७० मी. उंच चढलेला असतो. १६·२ टन वजन इतके उंच नेण्यास सु. ४·३ कोटी जूल ऊर्जा लागते. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे ती साडेतीन लि. डीझेलइतकी होते. सपाट रस्त्यावर हे अंतर ३१ लिटरांत तोडणाऱ्या ट्रकला चढतीच्या फेरीत ३४ ते ३५ लि. लागतील व त्याचे अ‍ॅव्हरेज साडेचारवरून चारवर येईल. उलट दिशेने त्याच भाराने येताना ते पाचच्या जवळपास दिसेल. उतरताना सर्व ऊर्जा परत मिळत नाही, कारण तीव्र उतारावर ब्रेक लावावे लागतात व ती ऊर्जा ब्रेकच्या ढोलांत ऊष्मा होऊन जाते.

यावरून एकेरी फेरीच्या आकड्यावर विसंबणे किती फसवे आहे हे कळून येईल. त्यातही जाताना भरलेला व येताना रिकामा, किंवा याच्या उलट, असा क्रम असेल तर फरक आणखी रुंदावतो. नांदेडहून माल भरून लातूरला जाणाऱ्या आणि लातूरहून भरून नांदेडला येणाऱ्या दोन ट्रकांच्या चालकांना एकच आकडा बांधून देणे न्याय्य नाही.

ऋतूचा परिणाम याच मार्गावर आणखी एका प्रकारे दिसतो. लातूर हे नांदेडच्या नैर्ऋत्येस आहे. पावसाळ्यात वारे प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये लातूरकडे जाणाऱ्या ट्रकला चढाबरोबर समोरचा वाराही मिळतो. ताशी १५ किमी. वेगाचा वारा समोरून असेल, तर ६० च्या वेगाने जाणाऱ्या ट्रकला हवेचा रोध ७५ च्या वेगाइतका होतो व एकूण रोध २० टक्क्यांहून अधिक वाढतो. ओल्या रस्त्यावर टायरांना पाणी बाजूला सारावे लागते, ते वेगळेच. दरवर्षी जूनच्या मध्यास अ‍ॅव्हरेज पडते व ऑक्टोबरात आपोआप सुधारते, असा अनुभव ज्या मालकांस येतो त्यांनी एंजिनापेक्षा आकाशाकडे पाहणे बरे.

मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या कपाशीच्या मृदेचा आहे. ही मृदा पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता, पाया पुरेसा नसेल तर, काही वर्षांत लाटांसारखा होतो. खडबडीत रस्त्यावर टायर व कमानी सतत दबतात-उसळतात आणि चालकास वारंवार दंतचक्र बदलावे लागते. नवी दिल्लीच्या केंद्रीय सडक संशोधन संस्थेने रस्ता वापरण्याच्या खर्चाचा जो विस्तृत अभ्यास केला (अंतिम अहवाल, १९८२), त्यात भारतीय वाहनांचा इंधनव्यय रस्त्याचा खडबडीतपणा, चढ, रुंदी व वेग यांच्याशी कसा निगडित आहे हे प्रत्यक्ष मोजणीने दाखविले होते. अशा अभ्यासांचा एक निष्कर्ष सामान्य समजुतीच्या विरुद्ध जातो. रस्ता सुधारला की अ‍ॅव्हरेज सुधारलेच पाहिजे असे नाही. नांदेड–लातूर मार्गाचे चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने होत असताना वळणरस्ते व एकेरी वाहतूक यांमुळे इंधन जास्त लागणे स्वाभाविक होते. परंतु रुंद रस्ता तयार झाल्यावर जो चालक पूर्वीच्या ५० ऐवजी ७५–८० च्या वेगाने जाऊ लागतो, त्याला वेळेचा लाभ होतो व डीझेलचा तोटा होतो. लवकर पोहोचण्याचा आग्रह मालाच्या धन्याचा असेल, तर हा तोटा चालकाच्या नावे मांडता येत नाही.

मापनातील चुका : अ‍ॅव्हरेज घसरले असे म्हणण्यापूर्वी ते खरोखर घसरले आहे काय, हे पाहावे लागते. टाकी तोंडापर्यंत भरून निघणे, परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच सपाट जागी पुन्हा तोंडापर्यंत भरणे व भरलेल्या लिटरांनी अंतरास भागणे ही सर्वांत सोपी रीत होय. ट्रक थोडासा कललेला असला, तरी मोठ्या टाकीत कित्येक लिटरांचा फरक पडतो. एका फेरीत असा फरक मोठा दिसतो, आठ-दहा फेऱ्यांच्या बेरजेत तो नगण्य होतो. म्हणून एका फेरीवरून निर्णय करू नये.

अंतराच्या मोजणीतील चूक अधिक सूक्ष्म आहे व ती फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. अंतरमापक प्रत्यक्ष अंतर मोजत नाही, तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. ट्रकच्या नव्या टायरची त्रिज्या सु. ५२५ मिमी. असते व झिजून गुळगुळीत होईपर्यंत ती सु. १३ मिमी.ने कमी होते. झिजलेले चाक तेवढ्याच अंतरासाठी जास्त फेऱ्या घेते व मापक अंतर सु. अडीच टक्के जास्त दाखवितो. मालक मागील चाकांना नवे टायर बसवितो, मापक अंतर कमी दाखवू लागतो आणि नव्या टायरांनी अ‍ॅव्हरेज पाडले अशी तक्रार सुरू होते. तिच्यात थोडे तथ्य असते, कारण नव्या टायरचा जाड रबरी थर दबताना अधिक ऊर्जा घेतो. पण घटीचा एक भाग निव्वळ कागदावरचा असतो. टायरचा आकार बदलला असेल, तर चूक आणखी मोठी होते. रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी किंवा उपग्रह-आधारित मार्गदर्शकाशी मापक ताडून पाहिला की ती उघड होते.

डीझेल लिटरांनी विकले जाते, पण ऊर्जा त्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते. तापमान एका अंशाने वाढले की डीझेलचे घनफळ सु. ०·०८ टक्क्याने वाढते. मे महिन्यात नांदेडचा पारा ४३° से.च्या वर जातो, तेव्हा डिसेंबरच्या मानाने एका लिटरमध्ये डीझेल थोडे कमी येते. १५ अंशांच्या फरकास हे प्रमाण सव्वा टक्का होईल. विक्रेत्याची टाकी भूमिगत असल्याने प्रत्यक्ष फरक याहूनही कमी असतो.

कारखान्याने सांगितलेला आकडा हाही तुलनेचा चुकीचा पाया ठरू शकतो. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये १२ टनांहून अधिक वजनाच्या डीझेल वाहनांसाठी इंधनव्ययाची मानके अधिसूचित केली. त्यांतील चाचणी ताशी ४० व ६० किमी. अशा स्थिर वेगांनी घेण्याची आहे. बाजार समितीच्या आवारातील रांग, गावातील गतिरोधक व बालाघाटाचे चढ त्या चाचणीत नसतात. तुलना करावयाची ती त्याच ट्रकच्या, त्याच मार्गावरील, त्याच ऋतूतील जुन्या नोंदींशी.

एंजिनातील कारणे : एक किग्रॅ. डीझेल पूर्ण जाळण्यास सु. १४·५ किग्रॅ. हवा लागते. म्हणजे एका लिटरसाठी किमान १० घ. मी. हवा एंजिनाने ओढली पाहिजे, प्रत्यक्षात याच्या दीडपटीहून जास्त ओढली जाते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत खळ्यापर्यंत जाणाऱ्या व कच्च्या रस्त्याने धूळ उडवीत येणाऱ्या ट्रकची हवेची गाळणी महामार्गावरील ट्रकच्या मानाने कितीतरी लवकर चोंदते. हवा कमी पडली की डीझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो व शक्ती घटते. शक्ती घटली म्हणून चालक वेगवर्धक अधिक दाबतो आणि व्यय आणखी वाढतो. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनात हवेच्या रबरी नळीस बारीक चीर पडली किंवा तिची पकड सैल झाली तरी हीच लक्षणे दिसतात. गाळणी स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल, तर प्रथम या नळ्या पाहाव्यात. त्यांना फारसा खर्च येत नाही.

डीझेल एंजिनाचे मर्म इंधनाच्या अंतःक्षेपणात आहे. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू केले, त्यानंतरच डीझेल एंजिन ट्रकमध्ये सर्रास बसविता येऊ लागले. भारतात १९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेटपूर येथे जे ट्रक बनविण्यास सुरुवात केली, त्यांच्यामागे आलेल्या दोन पिढ्यांतील ट्रकांत यांत्रिक पंप व प्रत्येक सिलिंडरास एक नोजल अशी रचना असे. नोजलाची छिद्रे झिजली किंवा काजळीने बुजली म्हणजे धुक्यासारखा फवारा न होता धार किंवा थेंब पडतात. थेंब वेळेवर जळत नाहीत. पंपाचे अंतःक्षेपण ठरलेल्या क्षणापेक्षा उशिरा होऊ लागले, तर दट्ट्या खाली जाऊ लागल्यावर दाब निर्माण होतो व ऊष्मा धुराड्यावाटे वाया जाते. पंप-नोजलाचे काम परीक्षण-मंचावर, मापे घेऊन, करवून घेणे आवश्यक असते. कानाने ऐकून पंपाचा स्क्रू फिरविणारे कारागीर सर्वत्र भेटतात. त्यांच्या हातून शक्ती वाढल्यासारखी वाटते, पण ती बहुधा जास्त डीझेल ओतून आणलेली असते.

येथे एका स्थानिक प्रघाताचा विशेष उल्लेख केला पाहिजे. उन्हाळ्यात एंजिन तापते म्हणून शीतक मार्गातील थर्मोस्टॅट (तापनियंत्रक झडप) काढून टाकण्याची सवय उष्ण प्रदेशांतील अनेक कारागिरांना असते. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेतील अडथळा आहे, असा यामागे समज आहे. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान ८०° ते ९०° से.च्या आसपास राखणे हे त्याचे काम होय. तो काढल्यावर हिवाळ्यातील रात्रीच्या प्रवासात एंजिन कधीच पुरते तापत नाही, वंगण तेल जाड राहते, ज्वलन अपुरे होते आणि सिलिंडराची झीज वाढते. तापण्याचे खरे कारण, उदा., गाळाने भरलेला रेडिएटर, सैल पट्टा, झिजलेला पाण्याचा पंप, तसेच राहते. मे महिन्यात केलेल्या या उपायाची किंमत डिसेंबरात मोजावी लागते आणि तोपर्यंत त्याचा सर्वांस विसर पडलेला असतो.

दट्ट्याच्या कड्या व लायनर झिजणे, झडपांतील (टॅपेटमधील) अंतर बिघडणे यांमुळे संपीडन कमी होते. निळसर धूर व वंगण तेलाचा वाढता खप ही त्याची खूण होय. ही घट महिनोन्‌महिने हळूहळू होते. एका आठवड्यात एकाएकी पडलेल्या अ‍ॅव्हरेजचे कारण येथे शोधू नये.

चाके, ब्रेक व शक्ति-प्रेषण : एंजिन निर्दोष असूनही ट्रक ‘जड’ चालतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. टायरांतील हवा एक-पंचमांशाने कमी असली, तर इंधनव्यय दोन ते तीन टक्के वाढतो. मागील जोडचाकांतील आतले चाक डोळ्यांस दिसत नाही व त्याच्या तोटीपर्यंत हात नीट पोहोचत नाही, म्हणून त्याची हवा पाहण्याचा कंटाळा केला जातो. मग सर्व भार बाहेरच्या टायरवर येऊन तोही लवकर जातो. आडव्या दोऱ्यांच्या नायलॉन टायरपेक्षा रेडियल टायरचा लोटण रोध कमी असतो, हे रेडियल टायर मागील काही दशकांत रूढ होण्याचे एक कारण आहे.

ब्रेक सोडल्यावर त्यांचे जोडे ढोलापासून पूर्णपणे सुटले नाहीत, तर ट्रक सतत थोडासा ब्रेक लावलेल्या स्थितीत धावतो. वीस-तीस किमी. सपाट रस्त्याने, ब्रेक फारसे न वापरता आल्यावर प्रत्येक चाकाच्या ढोलाजवळ तळहात नेऊन पाहावा. एखादा इतरांपेक्षा स्पष्टपणे तापलेला असेल, तर ब्रेक धरत आहे किंवा धारवा (बेअरिंग) घट्ट आहे असे समजावे. पुढील चाकांची दिशा समांतर नसेल, तर ती काही अंशी घासत पुढे जातात. टायरच्या एका कडेची पिसासारखी झीज त्याची साक्ष देते. चढावर एंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे. जुना ट्रक विकत घेताना मागील आसातील दंतचक्रांची जोडी मूळचीच आहे काय हेही विचारावे. घाटातील कामासाठी बदललेली जोडी सपाटीवर एंजिनाला विनाकारण जलद फिरविते.

चालन-पद्धती : एंजिनाची कार्यक्षमता मिनिटाला सु. १,२०० ते १,६०० फेऱ्यांच्या टप्प्यात सामान्यतः सर्वांत चांगली असते. त्याहून फार वर नेऊन दंतचक्र बदलणे, पुढचा अडथळा दिसत असताना वेग राखून अखेरच्या क्षणी ब्रेक लावणे, या सवयी महाग पडतात. भारतात १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थेने चालकांच्या प्रशिक्षणावर जो भर दिला तो यामुळेच. उतारावर ट्रक ‘न्यूट्रल’ करून सोडल्याने डीझेल वाचते, हा समज मात्र खोटा आहे. दंतचक्र गुंतलेले असून वेगवर्धकावरून पाय काढलेला असताना पंप इंधन बंद करतो व चाकेच एंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये एंजिनाला स्वतः फिरत राहण्यासाठी डीझेल लागते. शिवाय एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर पडतो. घाटातील कित्येक अपघातांच्या मुळाशी हे चुकीचे शहाणपण असते.

उभ्या ट्रकचे चालू एंजिन ताशी दीड ते दोन लि. डीझेल खाते. हंगामात साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर किंवा बाजाराच्या आवारात रांग पुढे सरकेल म्हणून तीन तास एंजिन चालू ठेवले, तर तेवढ्याच डीझेलात वीस-पंचवीस किमी. अंतर तुटले असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या चालककक्षास वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले आहे. त्याचा संपीडक एंजिनावर चालत असल्याने थोडे इंधन जास्त लागणार. मराठवाड्याच्या वैशाखात एंजिनाच्या शेजारी बसून दहा-बारा तास काढणाऱ्या माणसाच्या संदर्भात हा व्यय उधळपट्टीत मोजणे योग्य होणार नाही. नवा ट्रक जुन्यापेक्षा किंचित कमी अ‍ॅव्हरेज देतो अशी तुलना करताना ही बाब ध्यानात घ्यावी.

भार : जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने आसांवरील भाराच्या मर्यादा वाढविल्या व दोन आसांच्या ट्रकचे कमाल एकूण वजन १६·२ टनांवरून १८·५ टन झाले. अधिकृत भारच वाढल्यामुळे लिटरमागील किलोमीटर कमी होणे अपरिहार्य आहे. येथे किमी./लि. हे माप अपुरे पडते. समजा, १० टन माल नेताना लिटरला ४·५ किमी. मिळाले, तर एका लिटरमध्ये ४५ टन-किमी. काम झाले. १४ टन माल लादल्यावर ३·९ किमी. मिळाले, तर काम ५४ टन-किमी.हून अधिक झाले. अ‍ॅव्हरेज पडले, पण प्रत्येक टनामागील डीझेल वाचले. जादा भाराचा मोह कायद्याने व नोव्हेंबर २००५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानेही का सुटला नाही, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे. त्याची भरपाई रस्ता करतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८–६० मध्ये झालेल्या चाचण्यांवरून रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते असे दिसून आले. आसावर २० टक्के जास्त भार म्हणजे रस्त्याला सु. दुप्पट इजा. ज्या रस्त्याचा पाया काळ्या मातीत आहे तेथे हे लवकर दिसून येते व तो खराब रस्ता पुढे सर्वांचेच डीझेल खातो.

भाराचे वजनच नव्हे, तर आकारही महत्त्वाचा असतो. कडबा किंवा कापूस चालककक्षाच्या वर दीड-दोन मी. रचलेला ट्रक वजनाने हलका असूनही वाऱ्याशी झगडत जातो. सैल, फडफडणारी ताडपत्री हेही कारण क्षुल्लक नाही.

इंधनाची प्रत : डीझेलमध्ये केरोसीन मिसळल्यास त्याची घनता कमी होऊन लिटरमागील ऊर्जा थोडी घटते. याहून मोठा अपाय असा की, केरोसीनची श्यानता व वंगणक्षमता कमी असल्याने पंप व नोजल यांचे अत्यंत अचूक भाग झिजतात आणि चांगले डीझेल भरू लागल्यावरही अ‍ॅव्हरेज परत येत नाही. शिधापत्रिकेवरील केरोसीन व डीझेल यांच्या किंमतींत मोठी तफावत असताना या भेसळीचा धंदा महाराष्ट्रात किती थराला गेला होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी उघड झाले. त्या दिवशी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाची भेसळ पकडताना जाळून मारण्यात आले. डीझेलची घनता १५° से.ला घ. मी.स सु. ८२० ते ८४५ किग्रॅ. असते. घनतामापक व तापमापक यांच्या साह्याने पंपावर ती तपासून मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. मात्र घनता बरोबर असणे म्हणजे भेसळ नसल्याची खात्री नव्हे, कारण हलके व जड तेल योग्य प्रमाणात मिसळून घनता जुळविता येते.

चोरीची शक्यता विचारात घ्यावयाची ती शेवटी. चोरीने पडलेले अ‍ॅव्हरेज फेरीगणिक अनियमित असते. तेच यांत्रिक दोषाने पडलेले असेल, तर चालक बदलला तरी तसेच राहते. त्याच ट्रकवर दुसरा चालक व त्याच चालकाला दुसरा ट्रक, अशा काही फेऱ्या करून पाहिल्या म्हणजे आरोप करण्याची वेळ बहुधा येत नाही.

नवी एंजिने : १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली. त्यांचे अंतःक्षेपण संगणक-नियंत्रित असून दाब १,६०० बारहून अधिक असतो. धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी व नायट्रोजनाची ऑक्साइडे नष्ट करणारी यूरिया-विद्रावाची योजना असते. गाळणीत साठलेली काजळी ठराविक काळाने जाळून टाकण्यासाठी एंजिन जादा इंधन वापरते. ट्रक वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या करीत असेल, तर ही क्रिया अर्धवट राहून पुन:पुन्हा सुरू होते व अ‍ॅव्हरेज पडते. या एंजिनांत कानाचा व नाकाचा अनुभव पूर्वीइतका उपयोगी पडत नाही. संवेदकाने नोंदविलेला दोष विद्युत्‌ उपकरणाने वाचावा लागतो. चालू एंजिनाची नोंद संगणकात राहत असल्यामुळे किती वेळ ट्रक उभा होता, किती वेळ कोणत्या वेगाने गेला, ब्रेक किती वेळा लागले, हे सर्व नंतर पाहता येते. यूरिया-विद्रावाचा खप डीझेलच्या साधारणतः ३ ते ६ टक्के असतो. तो यापेक्षा बराच कमी किंवा जास्त दिसू लागल्यास विद्रावाची प्रत व त्याचे फवारणी-साधन तपासून घ्यावे.